रिकामं घर आणि रिकामं केलेलं घर

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. वेळ संपली होती, म्हणून ती खिशात घालून आम्ही घरी गेलो. चिठ्ठीत लिहिलं होतं, "सर, मुंबईत म्युझियममध्ये पाडलेल्या घरांची लाकडं उभी करतात आणि त्याला अध्यात्म म्हणतात. आमच्या गल्लीत तसली लाकडं पावसात कुजताहेत. मग आमची गल्ली म्हणजे तीर्थक्षेत्र का?" खाली नाव नव्हतं. पण प्रश्न असा होता की आज ठरवलेला विषय बाजूला ठेवून त्याच्यावरच बोलावं असं वाटलं. संयोजकांनी परवानगी दिली, त्यांचे आभार. इतिहासाच्या मालिकेत हे कुठे बसतं, असं काही जणांना वाटेल. थोडा धीर धरा. लाकडाला इतिहास असतो, आणि बऱ्याचदा तो माणसांच्या इतिहासापेक्षा कमी खोटं बोलतो.

आधी शब्द पाहू. इंग्रजीत ज्याला इन्स्टॉलेशन म्हणतात त्याला मराठीत 'मांडणशिल्प' हा शब्द रूढ झालाय. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याला नमस्कार केला पाहिजे. कारण 'मांडणे' हे क्रियापद आपल्याकडे फार मोठं काम करतं. आपण पूजा मांडतो, घट मांडतो, गोंधळी चौक मांडतो. संसार मांडतो, दुकान मांडतो, डाव मांडतो. आणि जे मांडलं ते मोडावं लागतं, हेही त्या शब्दाच्या पोटातच आहे. मांडलेली पूजा दुसऱ्या दिवशी उचलतात. नवरात्र संपलं की घट हलवतात. म्हणजे जागेपुरती आणि वेळेपुरती केलेली रचना, हातात आलेल्या साध्या वस्तूंची, पण त्या वेळेला तिला पवित्र मानायचं, ही कल्पना आपल्याला कोणी युरोपातून आणून दिलेली नाही.

तांदळा घ्या. माणदेशातल्या निम्म्या देवी तांदळा आहेत. शिल्पकाराची छिन्नी न लागलेला, रानात, ओढ्यात सापडलेला दगड. त्याला शेंदूर लावला की देव. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडत असली ठाणी नोंदवत गेले आणि जुने रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे ही दैवतं का सापडतात याचा त्यांनी विचार केला. १९६२ साली आलेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त तो वाचायला मिळतो. युरोपात मार्सेल द्युशाँने १९१७ साली दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं सही करून प्रदर्शनाला पाठवलं आणि मोठा गहजब झाला. आपल्याकडे सापडलेली वस्तू 'निवडली' म्हणजेच ती बदलली, हे म्हसोबाच्या पुजाऱ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. अर्थात द्युशाँला देव नको होता, त्याला कलेच्या देव्हाऱ्याची चेष्टा करायची होती. तो फरक आहेच.

आता त्या मुंबईच्या लाकडांकडे येऊ. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा सुदर्शन शेट्टी यांचं 'शून्य घर' असावं. शेट्टी यांचा जन्म १९६१ सालचा, मंगळूरचा. वाढले मुंबईत, शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. वडील यक्षगानातले कलावंत. पुढे २०१६ साली कोची-मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शनाचे ते क्युरेटर होते. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'शून्य घर' मांडलं गेलं आणि नंतर मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आलं. मुंबईतल्या पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड बाजारातून विकत घेतलेलं. त्यातून नव्याने घडवलेले दरवाजे, खांब, मंडपासारख्या रचना. त्या कोणत्याही एका काळाच्या नाहीत, एका धर्माच्याही नाहीत. जोडीला एक चित्रपट. एका ओसाड खाणीत ही रचना उभी राहताना आपल्याला दिसते आणि तिच्यात माणसं येऊन जगण्याचे प्रसंग करून जातात. जन्म, मृत्यू, खेळ, गाणं.

नाव आलंय गोरखनाथांच्या नावावर असलेल्या एका निर्गुणी पदावरून. कुमार गंधर्वांनी ते गायलं आणि घराघरांत पोचवलं, तुमच्यापैकी अनेकांच्या कानात ते आत्ता वाजू लागलं असेल. ओळी आम्ही म्हणणार नाही, आमच्या गळ्यावर तेवढे उपकार करा. पण ते पद कुमारांकडे कसं आलं हे सांगण्यासारखं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, शिवपुत्र कोमकळी. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, लहान वयात गाजला आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयाने आडवा झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींच्या खुनाच्या दिवशी, तो हवापालटासाठी माळव्यात देवासला पोचला. त्यानंतरची काही वर्षं गाणं बंद. बिछान्यावर पडल्यापडल्या कानावर काय येत होतं? लग्नातली बायकांची गाणी, पाखरं, आणि दारावरून जाणारे नाथपंथी भिक्षेकरी. देवासला शीलनाथांची धुनी आहे, तिथली परंपरा जिवंत होती. म्हणजे ज्या गाण्यावर हे कलाकाम उभं आहे ते गाणंच मुळात सापडलेली वस्तू आहे, रस्त्यावर, भिक्षेच्या झोळीतून मिळालेली. आजारी गवयाने ती उचलली आणि तिची मांडणी केली. आम्हाला शेट्टींच्या लाकडापेक्षा हा धागा अधिक मोलाचा वाटतो. असो.

लाकूड. ते लाकूड मुंबईत आलं कुठून?

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथली जुनी घरं आणि खाजगी मालकांच्या चाळी यांचा सांगाडा सागवानाचा. सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी सिमेंट-काँक्रीटच्या, त्यांचा इथे संबंध नाही. आधी सागवान यायचं मलबारहून. वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. मग ब्रह्मदेशचा साग सुरू झाला. १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं असा आरोप ठेवून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात फौज इरावतीवरून वर गेली, पंधरवड्यात राजा थिबा कैद झाला आणि १ जानेवारी १८८६ला ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. युद्धाला इतरही कारणं होती, फ्रेंचांची भीती होती, पण निमित्त लाकडाचं होतं.

आणि थिबाला आणून ठेवलं कुठे? आपल्या रत्नागिरीत. तीस वर्षं तो तिथे होता. त्याच्यासाठी सरकारने राजवाडा बांधला तो १९१० साली पुरा झाला, आणि १९१६ साली तो तिथेच वारला. कोकणात सहलीला गेलेल्या प्रत्येकाने थिबा पॅलेस पाहिलाय, फोटो काढलाय. मंडालेचा वाडा रिकामा केला, त्या मुलखातलं लाकूड मुंबईच्या चाळींना लागलं आणि राजा रत्नागिरीला समुद्राकडे बघत बसला. ही एका तुळईची गोष्ट आहे. भुलेश्वरच्या एखाद्या खोलीत त्या तुळईला पाळणा टांगलेला असायचा. त्या पाळण्यातल्या बाळाच्या आईला मंडाले माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मग ही लाकडं सुटी कशी झाली? १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं ते योग्यच होतं, पण मालकाने दुरुस्ती सोडून दिली. घरं कोसळायला लागली. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, उपकर लावला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या १९,६४२. आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण जुन्या लाकडाच्या बाजाराचा कच्चा माल म्हणजे हा आकडा. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आलं, जास्तीचं चटई क्षेत्र देऊन अशा इमारती पाडून नवे टॉवर बांधायला वाट मिळाली. पाडकाम करणारा कंत्राटदार चौकटी, खांब, जिने, कठडे वेगळे काढतो. ते वखारीत जातात, चोर बाजारात जातात. तिथून हॉटेलवाले नेतात, सिनेमाच्या सेटवाले नेतात, परदेशी गिऱ्हाईक नेतं. कधी कलावंत नेतो.

इथपर्यंत इतिहास. आता आमचा मूळ धंदा, तत्त्वज्ञान. फार वेळ घेणार नाही.

'शून्य' या शब्दाचं मूळ संस्कृतात फुगणे, सुजणे या अर्थाच्या धातूकडे नेतात. फुगलेलं म्हणून आतून पोकळ. मडक्याच्या आतली जागा. नागार्जुनाने दुसऱ्या शतकाच्या सुमारास जेव्हा सगळं शून्य आहे म्हटलं तेव्हा 'काहीच नाही' असं त्याला म्हणायचं नव्हतं. कोणतीही वस्तू स्वतःच्या जोरावर उभी नाही, ती दुसऱ्या कशाकशावर टेकून उभी आहे, म्हणून तिला स्वतःचा असा गाभा नाही, एवढंच. नाथपंथी योग्यांचं शून्य आणखी निराळं, ते साधनेत गाठायचं ठिकाण आहे. तिथे घर म्हणजे देह. नऊ दारांचं घर, आत राहणारा एक दिवस न सांगता निघून जातो. हा नाथपंथ आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशीच सांगतात. रा. चिं. ढेऱ्यांनी तर १९५९ सालीच 'नाथसंप्रदायाचा इतिहास' लिहून ठेवलाय.

आता बघा, अडचण कुठे आहे. देहाचं घर रिकामं होतं तेव्हा कोणी कोणाला नोटीस देत नाही. मरण सगळ्यांना सारखं आहे. राजाला आणि भिक्षेकऱ्याला एकच दार, म्हणून ते गाणं ऐकताना माणूस हलका होतो. पण मुंबईचं घर रिकामं होतं तेव्हा ते कोणीतरी रिकामं करतं. त्याला तारीख असते, सही असते, कोणाला तरी फायदा असतो. संक्रमण शिबिरात गेलेलं कुटुंब परत येतं किंवा येत नाही. एक 'रिकामं होणं' आहे आणि एक 'रिकामं करणं' आहे. दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिलं की अन्याय अध्यात्मात विरघळून जातो. थिबाचा वाडा रिकामा झाला, संसार असार आहे, असं मंडालेच्या भिक्षूने म्हणावं. पण बॉम्बे बर्माच्या भागधारकाने म्हणू नये. आपल्या सांगोल्याचंच बघा. सप्टेंबर १७५०मध्ये इथे करार झाला आणि रामराजांच्या हातातली सत्ता नानासाहेब पेशव्यांकडे गेली. छत्रपतींचं घर साताऱ्यात जागच्या जागी राहिलं आणि आतून रिकामं झालं. त्याला कोणी 'शून्य' म्हटलं नाही, करारच म्हटलं. ती भाषा निदान प्रामाणिक होती.

चिठ्ठी लिहिणाऱ्याचा राग आम्हाला इथे समजतो. तरीही आम्ही त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे.

आपल्या भागात जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर कडीपाट आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. ती माती कुठली? पांढरीची. गावाची जागा ती पांढरी आणि शेताची जागा ती काळी, ही जोडी जुन्या कागदपत्रांत सतत येते. पण पांढरी पांढरी का असते? शतकानुशतकं घरं पडली, भिंती विरघळल्या, चुलीतली राख पडली, त्यावर पुन्हा घरं झाली, पुन्हा पडली. पांढरी म्हणजे मेलेल्या घरांची माती. पुरातत्त्ववाले जुनी वस्ती ओळखतात ती याच टेकाडांवरून. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला खणलं ते असंच. आणि आपले आजे-पणजे काय करायचे? दर उन्हाळ्यात ती माती आणून माळवदावर पसरायचे, कारण ती पाणी धरत नाही. मेलेली घरं जिवंत घराचं छप्पर व्हायची. सापडलेल्या साहित्यातून नवं बांधणं ही आपल्याकडे कला नव्हती, दरसालची डागडुजी होती. जुनं लाकूड वापरण्यात पाप नाही. आपण सगळे जुन्याच मातीखाली झोपलोय.

कुर्ट श्विटर्स नावाचा जर्मन चित्रकार होता. पहिल्या महायुद्धानंतर, सगळं मोडलंय तर मोडक्यातूनच नवं केलं पाहिजे, असं म्हणून तो रस्त्यावरची तिकिटं, तारा, लाकडाचे तुकडे गोळा करायचा. हॅनोवरला स्वतःच्या घरात त्याने असल्या वस्तूंचं दुसरं घर वाढवत नेलं. नाझींमुळे त्याला पळावं लागलं आणि १९४३ साली बाँबहल्ल्यात ते नष्ट झालं. त्याची आठवण एवढ्यासाठी की त्या घरात म्हणे मित्रांच्या वस्तूंना स्वतंत्र कोनाडे होते. कोणाच्या वस्तू ते ठाऊक होतं. आम्हाला हा मुद्दा कळीचा वाटतो, आणि तो नीट समजायला जर्मनीला जायची गरज नाही. मंगळवेढ्याला गेलं तरी पुरे.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरलेले मजूर होते, त्यांत चोखोबा होते. कूस ढासळलं आणि सगळे खाली गाडले गेले. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ सांगते. नामदेव पंढरपूरहून तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडं तर अनेकांची. ओळखायची कशी? परंपरा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू येत होतं ती चोखोबांची. ती नामदेवांनी आणली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली.

ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. आज जरा निराळ्या कानाने ऐका. पडलेल्या भिंतीचा ढिगारा आहे, शहराच्या बांधकामाचा. त्यातून एक माणूस काही उचलायला आलाय. त्याला कुठलंही हाड चालणार नाही. 'देह नश्वर आहे, हाड ते हाड' असं नामदेव म्हणू शकले असते, त्यांचा अधिकार होता. ते म्हणाले नाहीत. कान लावून, एकेक उचलून, ज्याचं त्याचं नाव शोधत बसले. आणि समाधी कुठे झाली? महाद्वाराच्या बाहेर. ज्या उंबऱ्याच्या आत जिवंतपणी जाता आलं नाही, त्याच्या अलीकडे. ते दार उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं ती हाडं दाराबाहेर होती.

याच्यावर कोणी म्हणेल, तुम्ही कलावंताकडून तलाठ्याचं काम मागताय. प्रत्येक खांबाचा सात-बारा लावून कोणी शिल्प करतं का? आक्षेप बरोबर आहे. शेट्टींनी लाकूड पुन्हा घडवलंय, त्याची ओळख मुद्दाम पुसट केलीय, दार कोणाचंही होऊ शकेल असं केलंय. त्यांच्या आधीच्या एका कामात तर फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे हरवलेले तुकडे जुन्या लाकडातून कोरून बसवले होते. जोड लपवली नव्हती. जे गेलं ते गेलं, त्याच्या जागी हे आहे, असं ते भांडं सांगत होतं. आम्हाला ते काम 'शून्य घरा'पेक्षा अधिक पटतं, कारण तिथे भांडं कुठे फुटलं ते दिसतं. 'शून्य घरा'त दार सुंदर आहे, आणि त्याच्या सौंदर्यात फुटल्याची रेघ हरवते. भायखळ्यात ते पाहताना आमच्या मनात आलं की बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या अंतरात गिरण्या होत्या, आणि हा ज्यांचा शेजार होता ते लोक आत्ता कल्याण-बदलापूरच्या गाडीत आहेत. ते काम हे नाकारत नाही. पण विचारतही नाही. अर्थात अर्धा तास एका रिकाम्या चौकटीसमोर उभं राहायला त्यानेच आम्हाला लावलं, हे श्रेय दिलंच पाहिजे. गल्लीत कुजणाऱ्या लाकडासमोर आपण एवढा वेळ उभे राहतो का? चिठ्ठी लिहिणाऱ्याला आमचा हा उलट प्रश्न.

आम्ही उभे राहिलो त्याचं आणखी एक कारण होतं. ते सांगून थांबतो.

सांगोल्यात आमचंही माळवद होतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, आणि कशाने गेली ते सगळ्यांनी पाहिलं: वरच्या मातीच्या ओझ्याने, दगडाच्या भिंतींनी. सोलापूर जिल्ह्यात लोक महिनोन्‌महिने अंगणात झोपले. पुढच्या वर्षी आम्ही भावांनी घर पाडायचं ठरवलं. पुण्याकडून एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. खांब आणि तुळया घनफुटाच्या भावाने गेल्या. पुढच्या दाराची चौकट, गणेशपट्टीची, तिचे वेगळे पैसे आले. आई तेव्हा होती. तिने उंबऱ्याला शेवटचं हळदीकुंकू लावलं आणि ती चुलत्यांकडे जाऊन बसली, टेम्पो निघेपर्यंत आली नाही. ती चौकट आज कुठल्या तरी हॉटेलात असेल. किंवा कुठल्या शिल्पात. भायखळ्याला प्रत्येक दाराच्या वरच्या पट्टीकडे आम्ही का बघत होतो ते आता तुमच्या लक्षात येईल.

पण त्या दाराशी आणखी एक वस्तू होती. चौकटीच्या डाव्या हाताला, बाहेर, जमिनीत पुरलेला एक सपाट दगड. आम्ही पाच-सहा वर्षांचे असताना रोज दिवे लागायच्या वेळेला येसकर भाकरी मागायला यायचा. 'यायचे' म्हणायला पाहिजे. आमच्या घरात तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. ते उंबऱ्यापासून चार पावलांवर उभे राहून हाक द्यायचे. आजी भाकरी त्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायची. हातात द्यायची नाही. मग ते पुढे होऊन उचलायचे. मग एका वर्षी ते यायचे थांबले. आजी पुष्कळ दिवस कुरकुरत होती, लोक माजले म्हणून. १९५६ साली नागपूरला काय झालं आणि १९५८ साली कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला, हे आम्ही कॉलेजात गेल्यावर वाचलं. वाचताना पहिल्यांदा तो दगड डोळ्यापुढे आला.

व्यापाऱ्याने चौकट बघितली, खांबावर नख मारून बघितलं, कोयंड्याचं पितळ खरं आहे का बघितलं. दगडाकडे त्याने बघितलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही. नवीन घराचा पाया भरताना गवंड्याने तो इतर दगडांबरोबर भरावात टाकला. घरात हॉल आहे, त्याच्या खाली कुठेतरी असेल. चौकटीबद्दल आम्ही आजवर पाच-पंचवीस जणांना तरी हळहळून सांगितलं असेल. दगडाबद्दल आज पहिल्यांदा बोलतोय.

दहा मिनिटं उरली आहेत. प्रश्न असतील तर घेऊ. ज्यांनी मागच्या वेळी चिठ्ठी दिली ते आले असतील, तर त्यांनी आधी विचारावं, आणि या वेळी नाव सांगावं.